सव्वा लाख बांगडी



आज जरा आपल्याच बोलण्याकडे कान देऊया. सकाळी उठल्यापासून आपण काय काय बोलतो ते आठवून बघा. "शंभरदा सांगितलं, दिवा बंद करून जा." "केव्हाची हाका मारतेय, घसा फुटला माझा." "ढीगभर भांडी पडलीत." "उन्हानं जीव चालला." "तिच्याकडे सतराशे साठ भानगडी, तिला कुठला वेळ?" यातलं एकही वाक्य मोजून बघितलं तर खरं ठरणार नाही. पण त्याला खोटंही कुणी म्हणणार नाही. शंभरदा म्हणजे तीनदा, फार तर चारदा, हे सांगणारीला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही.

स्वयंपाकघरात तर अतिशयोक्तीशिवाय पान हलत नाही. ताक नुसतं आंबट नसतं, ते आंबटढाण असतं. रस्सा तिखटजाळ, कारलं कडूजहर, चहा गोडमिट्ट. पालेभाजी हिरवीगार, कुंकू लालभडक, तवा काळाकुट्ट. "सर्वांत जास्त" हे सांगायला संस्कृतातला "तम" आपल्याकडे आहे, "उत्तम" किंवा "प्रियतम" या शब्दांत तो दिसतो. पण रोजच्या बोलण्यात आपण तो वापरत नाही. एका शब्दाला दुसरा शब्द चिकटवला की आपलं काम होतं. आणि हे माप कामाचं असतं बरं का. ताक आंबटढाण आहे म्हटलं, की ते प्यायला द्यायचं नाही, त्याची कढी करायची, हे समोरचीला न सांगता कळतं.

असं असूनही "तिळाचा ताड" आणि "राईचा पर्वत" या म्हणी बहुतेक वेळा बायकांच्याच बोलण्यावर फेकल्या जातात. "बायकांचं काय, थोडं झालं की आकांत." हे वाक्य आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. म्हणून आज मी आपल्या इतिहासातले काही मोठे शब्द घेऊन आले आहे. मोठे म्हणजे गोष्ट आहे त्याहून मोठी करून सांगणारे. ते कुणी वापरले, कुणासाठी वापरले, आणि त्यांनी खरी गोष्ट उघडी केली की झाकली, एवढंच बघायचं आहे.

पहिला शब्द पानिपताचा. १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर अहमदशाह अब्दालीशी मराठ्यांची लढाई झाली. सदाशिवरावभाऊ आणि पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव तिथे पडले. आजही एखाद्याचा अगदी धुव्वा उडाला की आपण "पानिपत झालं" म्हणतो. मुलगा परीक्षेत नापास झाला तरी पानिपत, गावच्या निवडणुकीत पॅनेल पडलं तरी पानिपत. "विश्वास तर पानिपतातच गेला" असा विनोदही आपण सहज करून जातो, विश्वासराव हे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव होतं, हे त्या वेळी ध्यानात नसतं.

त्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांना ते माळव्यात असताना कळली. ती सावकारी पत्रातून कळली असं सांगतात. त्या पत्राची भाषा सराफाच्या दुकानातली होती. दोन मोती गेले, सत्तावीस मोहोरा हरवल्या, आणि रुपये नि खुर्दा किती गेला त्याचा हिशेब लागत नाही, अशा अर्थाचा तो निरोप होता. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. मोहोरा म्हणजे मोठमोठे सरदार. आणि खुर्दा, म्हणजे सुटे पैसे, म्हणजे बाकीचे सगळे. शिपाई, बारगीर, घोड्याला खरारा करणारे, पाणी भरणारे. मोती मोजले गेले, मोहोरा मोजल्या गेल्या, खुर्द्याची गणती राहिली. मनाला चटका लावणारं पत्र आहे ते, पण त्यात माणसाची किंमत त्याच्या दर्जाप्रमाणे लावलेली आहे.

आता याच लढाईबद्दल लोकांच्या तोंडी राहिलेलं दुसरं वाक्य बघा. "पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली." माणसं किती मेली याबद्दल इतिहासकारांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सैन्याबरोबर बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुलं होती, त्यांची मोजदाद कुणी करायची? तेव्हा सव्वा लाख हा काही हिशेबाचा आकडा नव्हे. सव्वा हे आपल्याकडचं पूर्णाहून थोडं जास्तीचं, शुभाचं माप. देवाला सव्वा रुपया ठेवतात. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. म्हणजे "सव्वा लाख" याचा अर्थ, मोजता येणार नाही इतकं.

पण त्या वाक्यात आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ते मोजण्याचं एकक. जुन्या मराठीत फौज सांगायची असली की "पन्नास हजार घोडा" असं एकवचनात म्हणत. घोडे नाही, घोडा. त्याच धर्तीवर हे वाक्य "बांगडी" म्हणतं. युद्ध सुरू होताना घोडा मोजायचा आणि युद्ध संपल्यावर बांगडी. आणि इथे मोती, मोहोर, खुर्दा असा भेद नाही. सरदाराच्या बायकोची एक बांगडी, पाणक्याच्या बायकोचीही एकच. सावकारी पत्रात जे गणतीबाहेर राहिले, त्यांना या अतिशयोक्तीनं मोजणीत घेतलं. हे वाक्य पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आलं ते सांगता येणार नाही, पण ते मरणाकडे रणांगणावरून बघत नाही. ते घराच्या उंबऱ्यातून बघतं.

या सव्वा लाखात एक बांगडी मात्र फुटली नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. त्या जीव वाचवून परत आल्या. भाऊंच्या मृतदेहाबद्दल अनेकांच्या मनात शंका होती, आणि पार्वतीबाईंनी आपला नवरा गेला हे मानायला नकार दिला. विधवेचा वेश त्यांनी घेतला नाही. पुढे भाऊंचं नाव सांगणारा एक तोतया उभा राहिला, त्याच्यामागे लोकही गेले, आणि १७७६ साली पुणे दरबारानं त्याला पकडून मृत्युदंड दिला. एका बाजूला सव्वा लाखाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला एका बाईनं हट्टानं जपलेली काकणं. दोन्ही एकाच दुःखाची मापं आहेत.

अशी मापं पुढेही झाली. "बहात्तर" म्हटलं की आपल्या आज्या गप्प व्हायच्या. १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी दुष्काळी कामांवर बायका खडी फोडायला गेल्या, पाझर तलावांची माती वाहिली, लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली. त्याच दुष्काळातल्या कामांच्या अनुभवावर रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्यानंतर कुठलंही वाईट वर्ष आलं की "बहात्तरसारखं" किंवा "बहात्तरलाही असं नव्हतं" म्हणायची पद्धत पडली. दुसरं वाक्य बऱ्याचदा अतिशयोक्तीचं असतं. पण सांगणारीचं म्हणणं नीट ऐका. ती पाऊस मिलिमीटरमध्ये सांगत नाही, ती म्हणते, मला डोक्यावर घमेलं घेऊन किती लांब जावं लागलं ते ऐका. ज्यांच्या हाती वही नव्हती, त्यांनी आपला हिशेब शब्दांत ठेवला.

ही झाली उघड करणारी अतिशयोक्ती. आता दुसरी जात बघूया. ती आपल्या लग्नपत्रिकांत आजही बसलेली आहे.

जुन्या काळी पत्राला मायना असे. मायना म्हणजे ज्याला पत्र लिहायचं त्याला सुरुवातीला लावायची बिरुदं. पेशवाईतली पत्रं उघडा, कुणी "अखंडित लक्ष्मी अलंकृत", कुणी "राजश्रिया विराजित", कुणी "तीर्थस्वरूप". कुणाला कुठला मायना लावायचा याचे पक्के नियम होते, आणि चुकीचा मायना म्हणजे अपमान. त्याच मायन्यांचे तुकडे आजही आपण लिहितो. मुलगा "चि.", म्हणजे चिरंजीव, कधीच न मरणारा. वडील "ती.", म्हणजे तीर्थरूप. गेलेला माणूस "कै.", म्हणजे थेट कैलासात राहायला गेलेला. एका पत्रिकेत एवढ्या अतिशयोक्त्या एकेका अक्षरात घडी घालून ठेवलेल्या असतात, आणि आपण त्या न अडखळता वाचतो.

बाईचा मायना कसा होता? नवरा असलेल्या बाईला "सौभाग्यवती वज्रचूडेमंडित". जिचा चुडा वज्राचा आहे अशी. पुन्हा बांगडीच आली बघा. काचेची बांगडी ती, धुणं आपटताना टिचकते, आणि तिला वज्राची म्हणायचं. ही अतिशयोक्ती म्हणजे खरं तर एक आशीर्वाद होता, किंवा भीती. तो चुडा किती सहज फुटतो हे माहीत असल्याशिवाय त्याला वज्राचा कोण म्हणेल?

आणि तो फुटला की? तीच बाई "गंगाभागीरथी" व्हायची. गं. भा. गंगेसारखी पवित्र. भाषेतलं पावित्र्याचं सगळ्यात मोठं नाव तिला दिलं जाई. ज्या घरात हे नाव लिहिलं जाई, त्याच घरात, विशेषतः ब्राह्मण आणि इतर वरच्या म्हणवणाऱ्या जातींत, तिचं केशवपन होई. तिला लाल आलवण नेसावं लागे. मंगलकार्यात तिला पुढे येऊ देत नसत. सकाळी ती समोर आली तर अपशकुन मानत. गंगा समोर आली तर कुणी अपशकुन मानतं का? म्हणजे त्या शब्दानं काही मोजलंच नव्हतं, नुसतं पांघरूण घातलं होतं. आणि आणखी एक बघा. बायको गेलेल्या पुरुषाला असं कुठलंही वेगळं बिरुद नव्हतं. तो आधी रा. रा. होता, नंतरही रा. रा. च राहिला. ज्याच्या जगण्यात काही बदलत नाही, त्याला पांघरुणाचं बिरुद लागत नाही.

या पांघरुणाला लोकांनी हात घातला तो शब्दांनी नाही, कामानं. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, तिथे विधवा मुली शिकू लागल्या. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार केला. त्यामागे सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार होता. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. गंगाभागीरथी म्हणून घेण्यापेक्षा हे बरंच जास्त होतं.

बाईबद्दलचे सगळेच मोठे शब्द काही पावित्र्याचे नव्हते. उलट बाजूचेही होते. १७७३ च्या ऑगस्ट महिन्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथराव, म्हणजे राघोबादादांना दोषी धरलं. पण रोजच्या बोलण्यात काय उरलं? "ध चा मा केला." पत्रात "धरावे" असं होतं, आनंदीबाईंनी ते "मारावे" केलं, ही कथा. त्या अक्षरबदलाला भक्कम पुरावा नाही. तरी गेली अडीचशे वर्षं कुणी कागदात फेरफार केला, कुणी निरोप उलटा सांगितला, की आपण "ध चा मा" म्हणतो आणि प्रत्येक वेळी नकळत त्या बाईकडे बोट दाखवतो. न्यायाधीशांनी ज्याला दोषी ठरवलं त्याच्या नावाची म्हण झाली नाही. एका अक्षराएवढ्या ऐकीव गोष्टीचा डोंगर झाला. राईचा पर्वत करण्याचं काम फक्त बायका करतात असं नाही, हे इथे दिसतं.

या असल्या शब्दांना भर बाजारात जाब विचारला तो बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपल्या नवजात बाळाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या नीतीवर चिखलफेक सुरू झाली. त्यावर ताराबाईंनी १८८२ साली "स्त्रीपुरुष तुलना" हे पुस्तक छापलं. त्यांनी एक फार साधी गोष्ट केली. एका जुन्या संस्कृत श्लोकात बाईला संशयाचं, कपटाचं, अविचाराचं माहेरघर ठरवलेलं आहे. ताराबाईंनी ते दोष एकेक करून उचलले आणि प्रत्येकाला विचारलं, हा दोष बाईत जास्त की पुरुषात? म्हणजे सगळ्यात कपटी, सगळ्यात अविचारी असं म्हणता ना, मग तुलना तर करा. "सगळ्यात" हा शब्द वापरणाऱ्यानं दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघितलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुस्तकाच्या नावातच ते आहे. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी "सत्सार" मधून त्यांची बाजू घेतली.

ताराबाईंचं हे पुस्तक वाचताना गंमत वाटते ती त्यांच्या भाषेची. ती अगदी बायकांच्या तोंडची भाषा आहे, ठसक्याची, टोमण्याची, वाढवून सांगण्याची. ज्या बोलण्याला लोक आकांत म्हणून हसत होते, त्याच बोलण्यात त्यांनी तर्क मांडला. आवाज चढवला म्हणजे मुद्दा सुटतो असं नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

आता आपल्या काळातला सगळ्यांत लाडका मोठा शब्द घेऊया. "घरची लक्ष्मी." सून आली की लक्ष्मी आली, मुलगी झाली की लक्ष्मी झाली. माप ओलांडून तिला घरात घेतो. पण घर कुणाच्या नावावर? सातबाऱ्यावर लक्ष्मीचं नाव असतं का? शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं मोठं अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला झालं. त्यानंतर काही वर्षांत शरद जोशींनी "लक्ष्मीमुक्ती" नावाची मोहीम काढली. शेतकऱ्यांना सांगितलं, बायकोला लक्ष्मी म्हणता ना, मग थोडी जमीन तिच्या नावावर करून द्या. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. मला या मोहिमेचं नाव फार नेमकं वाटतं. अतिशयोक्ती करू नका असं तिथे कुणी म्हटलं नाही. तिथे म्हटलं, केली आहे ना, मग ती खरी करा. मोठा शब्द दिलात, आता तलाठ्याकडे चला.

हीच कसोटी मला सगळ्या मोठ्या शब्दांना लावावीशी वाटते. शब्द मोठा आहे, ठीक आहे, पण त्याबरोबर हातात काय येतं?

ही जुनी गोष्ट नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडसारखं करायला सांगितलं. ठरावाची भाषा बघा, त्यात एकही अलंकार नाही. बांगड्या फोडायच्या नाहीत. बस्स. पानिपतापासून सव्वा लाख म्हणून जी फुटत आली, ती बांगडी एका गावानं साध्या वाक्यात वाचवली.

आणि त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्यात एक प्रस्ताव पुढे आला. विधवा हा शब्द बरा वाटत नाही, त्याऐवजी नावाआधी "गंगा भागीरथी" लावावं. महिला संघटनांनी जोरदार हरकत घेतली. निर्णय झालेला नाही, फक्त चर्चेसाठी होतं, असा खुलासा मग करण्यात आला. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या मनात मान द्यायचाच हेतू असेल, त्याबद्दल मला वाद घालायचा नाही. पण आपण आत्ताच बघितलं की या शब्दाबरोबर काय काय आलं होतं. एकट्या बाईला नावाआधी दोन अक्षरं नको आहेत. तिला निराधार योजनेचे पैसे वेळेवर हवे आहेत, वारसनोंद हेलपाट्यांशिवाय हवी आहे, आणि हळदीकुंकवाला सगळ्यांबरोबर बसायला जागा हवी आहे.

मैत्रिणींनो, शेवटी पुन्हा आपल्या बोलण्याकडे येते. आपण किती वाढवून बोलतो हे सुरुवातीला बघितलं. पण एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? आपण पावसाचं वाढवून सांगतो, नातवाचं वाढवून सांगतो, शेजारणीच्या सुनेचं तर फारच वाढवून सांगतो. स्वतःचं दुखणं मात्र आपण कमी करून सांगतो. दिवसातून दहादा "मेले बाई" म्हणणारी बाई दवाखान्यात डॉक्टरांसमोर बसली की म्हणते, "काही नाही, जरा कसंतरीच होतंय. पित्त असेल." आणि मग "जरा" या शब्दाला जेवढी गोळी मिळायची तेवढीच मिळते. बायकांच्या हृदयविकारात छातीत जोराची कळ येईलच असं नाही. दम लागणं, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, कधी नव्हे एवढा थकवा, अशीही लक्षणं असू शकतात. त्यांना "जरा" म्हणून चालत नाही.

तेव्हा मोठे शब्द सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. ते आपले आहेत, आणि ते गेले तर बोलण्यातलं मीठ जाईल. कढी आंबटढाणच असू दे, ऊन जीवघेणंच असू दे, शंभरदा सांगितलं तर शंभरदाच सांगितलं. पण दुखण्याच्या, मारहाणीच्या, पैशाच्या आणि जमिनीच्या गोष्टी सांगायची वेळ आली की मोठ्या शब्दाच्या जोडीला मोजलेला शब्दही द्या. कुठे दुखतं, किती दिवसांपासून, रात्री किती वेळा जाग येते. किती रुपये, कुठल्या तारखेला, कुणासमोर. "फार छळतो" या दोन शब्दांना हसणारे लोक तारीख आणि साक्षीदार ऐकल्यावर सरळ बसतात.

आणि कुणी आपल्याला लक्ष्मी म्हटलं, अन्नपूर्णा म्हटलं, घरचा आधारस्तंभ म्हटलं, तर राग मानू नका. हसा, आणि हळूच विचारा, रेशनकार्डावर, घराच्या उताऱ्यावर, बँकेच्या पासबुकावर माझं नाव आहे ना? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. एवढी वर्षं ती आपण झाकून ठेवली. आता ती उघडून आत खरंच काय आहे ते मोजून घ्यायला हरकत नाही.